गोमी कामावर मेली

गोमी मेली होती आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट बसत नव्हतं.

इंजिनियर साहेब तिच्याजवळ उकिडवा बसला होता. बुटाला रक्त लागू नये म्हणून जरा लांबच. हेल्मेट पिवळं, कोरं, आत्ता प्लास्टिकमधून काढलेलं. तिचा अंबाडा मधे येत होता. साहेब मुकादमाला म्हणाला, "केस सोड तिचे." मुकादमानं माझ्यासमोर माझ्या बायकोचा अंबाडा सोडला. हनुवटीखाली पट्टा लावला. साहेबानं फोटोसाठी मोबाईल काढला.

मग मुकादमालाच सुचलं.

"साहेब, लाकडं चोराय चढली व्हती, असं बोलायचं ना? मग हेल्मेट कशाला? चोराला कोन हेल्मेट देतं?"

साहेब हसला. खरंच हसला. "अरे हो यार. काढ, काढ."

मी तिचा नवरा. दोन हात अंतरावर उभा होतो. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

साइट पनवेलजवळच्या कोन गावची. एक्सप्रेसवेच्या अंगाला टॉवर उठतोय. आम्ही डोंगराकडच्या वाडीची माणसं. जमीन कधी नव्हतीच. आधी वीटभट्टीवर राबलो, आता बिल्डिंगवर. मी खाली रेती चाळायचो. गोमी वर स्लॅबला पाणी मारायची, झाडलोट करायची.

बिल्डिंगमधे पाईप न्यायला भोकं ठेवतात. चौकोनी, माणूस मावेल एवढी, खालपासून वरपर्यंत एकाखाली एक. वरच्या भोकावर प्लाय टाकला होता. खालच्या मजल्यांना तेवढाही नव्हता. आणि तो प्लाय म्हणजे नुसता टाकलेला. खिळा नाही, खूण नाही. त्याच्यावर सिमेंटचा धुरळा बसला की तो कचऱ्यातल्या प्लायसारखाच दिसतो.

त्या सकाळी शेठ येणार होता. साहेब ओरडला, "ए मावशी, सगळे प्लाय उचल. फ्लोअर क्लीन पाहिजे मला." आमच्या वाडीची बुधी तिच्या बाजूलाच झाडत होती. पुढचं तिनं मला सांगितलं. गोमीनं प्लाय उचलला, छातीशी धरला. छातीशी एवढा प्लाय धरला की पायाखालचं दिसत नाही. तिनं पाऊल पुढं टाकलं. प्लाय वर अडकून राहिला. गोमी खाली आली. ओरडायलाही तिला वेळ मिळाला नाही, असं बुधी म्हणते. मला वाटतं, ओरडली असेल. मिक्सर चालू होता.

तिला तिथून हलवायची घाई होती. भोकाच्या बरोबर खाली मढं दिसलं तर कुणीही मान वर करणार. दुसऱ्या एका प्लायवर तिला घातली. उचलायला एक माणूस कमी पडला. मुकादम माझ्यावर खेकसला, "ए डोकऱ्या, बघत काय ऱ्हायलास? धर कोपरा."

मला धरायला लावला. माझ्याच बायकोला.

बिल्डिंगच्या मागं, बांबूच्या परांचीखाली तिला ठेवली. मुकादमानं सरपणाची मोळी आणून तिच्या हाताशी टाकली. मोळी नीट दिसेना, म्हणून पायानं सरकवली. आत भोकाखाली रक्त होतं. त्याच्यावर सिमेंट पसरलं.

पोलीस आले. साहेब त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलला. मग हवालदारानं मला विचारलं, "बायको साइटचं लाकूड घरी न्यायची का?"

न्यायची. सगळ्याच बाया नेतात. मोडकी फळी, तुकडा. आमच्या चुलीत दुसरं काय घालायचं? मी म्हणालो, "न्यायची, पन सायेब..."

"पन राहू दे."

झालं. फाटकावर बोर्ड आहे, 'सुरक्षा प्रथम. अपघात शून्य.' ते शून्य तसंच राहिलं. चोर मेला तर त्याला कामगारांत मोजत नाहीत. आणि ज्याला मोजत नाहीत, त्याच्या मरणाच्या जागी कुणी कठडाही बांधत नाही.

घरी चुलीशेजारी तिनं आणलेली लाकडं होती. तीच पेटवून मी चहा केला. लाकडात खिळे होते. लाकूड जळालं. खिळे राखेत राहिले.

थोड्या दिवसांनी मुकादम गाडी घेऊन वाडीवर आला. "चल. शेठनं बोलवलंय. पूजा हाय." कामगार त्या मजल्यावर जायला तयार नव्हते. गोमी दिसते म्हणत होते. काम अडलं होतं.

शेठ जवळच्याच गावचा. बापाची भातशेती गेली, त्याच्या पैशावर हा बिल्डर झाला. वर सगळे जमले होते. शेठनं माझ्या हातात नारळ दिला.

"काय रं डोकऱ्या, तुझी बायको आमच्या मानसांना तरास देते. तूच फोड. तुझ्या हातचा घेईल ती. सांग तिला, जा म्हनावं आता."

दोघंतिघं हसले. मुकादम म्हणाला, "जिती असताना आयकत व्हती का याचं?" अजून हसले.

मी खाली बघितलं. हळद, कुंकू, लिंबू, झेंडूची फुलं. सगळं एका प्लायवर मांडलेलं. प्लाय त्याच भोकावर. मी अंगठ्यानं ढकलला. सरकला. फटीतून खालचा काळोख दिसला.

बाई गिळून झाली. भोकाला कुंकू लावलं. खिळा मारला नाही.

मी नारळ खाली ठेवला.

"शेठ, ह्याला खिळं नायत. परत कोन तरी उचलंल."

साहेब पुढं आला. "काका, पूजा चाललीय. नंतर बोलू आपण." त्या दिवशी मी काका झालो.

शेठ म्हणाला, "जल्ला तुझा खिळा. फोड."

"नाय फोडत."

दोन्ही हातांनी मी तो प्लाय उभा केला. लिंबू, फुलं, कुंकू, सगळं भोकात गेलं. सगळे मागं सरले. साहेबानं तर शेठचा दंड धरून त्याला मागं ओढला. शेठला ओढायची अक्कल होती त्याला.

मी विचारलं, "गोमीला प्लाय उचलाय कोनी सांगितला?"

मग बुधी बोलली. आवाज फाटलेला. "सायबानं सांगितला. मी व्हते तिथं. काम म्हनून उचलला तिनं."

शेठचं तोंड सुटलं. "रानातून आनलं, कामाला लावलं, तर माजलं साले!" वॉचमननं मला गचांडी धरून जिन्यानं खाली नेला. नारळ माझ्या मागं फेकला. बुधीचं काम त्याच दुपारी गेलं.

मी आणि बुधी पोलीस ठाण्यात जातो. साहेबाचं नाव सांगतो. बसवून ठेवतात, हाकलतात. आम्ही परत जातो. गोमी कामावर मेली, हे लिहून घेईपर्यंत जाणार.

आणि सकाळी मी मजुरांच्या नाक्यावर उभा राहतो. काम मागायला नाही. बिगाऱ्यांना सांगतो, प्लाय दिसला तर आधी पायानं सरकवून बघा. कुणी पडला आणि जीव असेल, तर दवाखान्यात पळवा. जीव नसेल, तर पंचनामा होईपर्यंत हलवू देऊ नका. काम कुणी सांगितलं त्याचं नाव तिथंच, सगळ्यांदेखत घ्या. आणि मला बोलवा.

साइट कोनची असो, रोडपालीची असो, नवीन पनवेलची असो. मी येऊन मढ्याला चिकटून बसणार. त्याला उचलायचं तर आधी मला उचलावं लागेल. आणि मी अजून मेलेलो नाही. लाथा झाडीन.