ब्रिगेडियर मोकाशींची सावड

ब्रिगेडियर नरहरी मोकाशी. चौतीस वर्षं फौजेत, आणि त्यातली बहुतेक गेली कशात, तर दिल्लीच्या ऑफिसात फायली इकडून तिकडं सरकवण्यात! २००१ला रिटायर झाले, कोळवणला फार्महाऊस बांधलं आणि लागले नेतृत्वावर पुस्तकं पाडायला. पाच वर्षांत सहा! सगळ्यात गाजलं ते 'शब्द दिला की दिला'.

शेजारच्या बांधाला सारजाबाईचं एकच खाचर. नवरा नाही, वर्षाचं खाणं त्याच भातावर. इथली लावणी सावडीनं होते. आज सगळे तुझ्यात, उद्या सगळे माझ्यात, पैशाचं नावच नाही. २००६ला साहेबही हौसेनं सावडीत शिरले. बुधवार सारजाबाईचा होता, तिचं रोप पिवळं पडायला लागलेलं. आदल्या दिवशी साहेब हजर.

"बाई, उद्याचा दिवस मला दे. पुण्याहून फोटोग्राफर येतोय, नव्या पुस्तकासाठी. परवा मी स्वतः टिलर घेऊन तुझ्या चिखलणीला. फौजी माणसाचा शब्द!"

"बगा बरं सायेब. रोप जून झालं की संपलं. माजा बैल बी लंगडतोय."

बुधवारी सोळा माणसं चिखलात वाकलेली आणि साहेब बांधावर गमबूट घालून शिट्टी फुंकतायत. शिट्टी! जन्मभर भात लावणाऱ्या बायकांना!

गुरुवारी तीच सोळा माणसं सारजाबाईच्या बांधावर ताटकळत. चिखलणीच नाही तर लावणार कशात? नऊला साहेबांचा ड्रायव्हर आला. टिलर नाही, पुस्तकांचा गठ्ठा!

"साहेब हिंजवडीला लेक्चरला गेलेत. सगळ्यांना एकेक पुस्तक दिलंय, सही करून."

"ह्ये काय रोपाच्या बुडात घालू व्हय रं?" सावडीतला भैरू खेकसला आणि आपले बैल आणायला पळाला. तरी अंधार पडेस्तोवर अर्धंच खाचर झालं. उरलेलं रोप वाया गेलं.

शनिवारी साहेब परत दारात. त्यांचं खालचं खाचर राहिलेलं.

"सगळ्यांना घेऊन ये उद्या, सात वाजता."

"आदी माज्यातला तुमचा दिस फेडा. उतरा चिखलात."

"अगं, मी माणूस पाठवतो ना!"

"सावडीला मानूस धाडत न्हाईत सायेब. सोता येत्यात."

साहेब लालबुंद. गाडी काढली आणि पिरंगुट, उरवडे, सगळीकडं मजूर शोधत हिंडले. लावणीच्या दिवसांत मोकळे हात कुणाचे असतात? एक माणूस मिळाला नाही. तरी स्वतःचे पाय काही चिखलात गेले नाहीत. खालचं खाचर पडीकच राहिलं.

सारजाबाई रविवारी सकाळीच भैरूच्यात लावणीला गेली. तिला त्याचा दिवस फेडायचा होता.