असल गुणपत्रिकेवरचा शिक्का

एम.ए.च्या प्रवेशासाठी जी मूळ गुणपत्रिका दाखवायची होती, तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मी स्वतःच्या हातानं मारला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट मारताना मजा येत होती.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. आता उस्मानाबादचं बोट सोडून आपण आपल्या पायावर उभे राहिलो, असं गोलाईच्या बाजारातले दुकानदार एकमेकांना सांगत होते. आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता. आमचे अप्पा त्याच दुकानदारांपैकी एक. पहाटे इष्टलिंगाची पूजा, कपाळाला भस्म, आणि मग दिवसभर किराणा. मी बी.ए. झालो होतो आणि नांदेडच्या एका कॉलेजात लोकप्रशासन घेऊन एम.ए. करावं असं माझ्या मनात होतं. अप्पांनी विरोध केला नाही, फक्त अट घातली.

“शनिवारी प्रवेश बंद होतो म्हणतोस न्हवं? शनिवारपतोर झालं तर जा. न्हाई झालं तर सोमवारपासून दुकानात बस. मंग पुन्हा उठायचं नाव काढू नको.”

त्या सुट्टीत मी पंधरा दिवस दुकानात बसून पाहिलं होतं. तेवढ्यात मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं होतं, आणि त्यात शेंगदाण्याच्या पोत्यापलीकडे काही नव्हतं. त्यामुळे शनिवार माझ्यासाठी साधा वार राहिला नव्हता.

कॉलेजचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक कागदाच्या दोन नकला, त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही-शिक्का, आणि ताडून बघायला असल कागद. नकला काढणं सोपं झालं होतं, कारण जिल्ह्याच्या मागोमाग गावात झेरॉक्सचं मशीन आलं होतं. ऑफिसरही आता आपल्याच गावात, असा माझा समज. बुधवारी सकाळी कागदांची पिशवी घेऊन मी कचेऱ्या हिंडलो. जिथं जावं तिथं एकच उत्तर.

“साहेब?”

“दुष्काळावर गेलेत.”

तहसीलसमोर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका गृहस्थानं शेवटी मला बाजूला घेतलं. “ऑफिसर पायजे असंल तर दुष्काळात जावं लागतं, मालक. हितं नुसत्या खुर्च्या हायत. त्या बी निम्म्या अजून उस्मानाबादलाच हायत.”

अहमदपूर रस्त्यानं आत एका पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. तिथं एक डेप्युटी इंजिनिअर सापडतील असं कळलं, म्हणून मी पाण्याच्या टँकरवर बसून तिथं गेलो. हाच टँकर दोन तास उशिरा पोचल्यामुळे कामावरच्या बायांनी साहेबांना घेरलं होतं, आणि मी त्याच टँकरवरून उतरल्यामुळे थोड्या शिव्या मलाही पडल्या. साहेब ताडपत्रीच्या सावलीत टेबल टाकून बसले होते.

“तुझं काय?”

“खऱ्या नकला करायच्या होत्या साहेब. प्रवेशासाठी.”

त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. “असं कर. त्या पेटीत शिक्के हायत. शिक्के तू मार, मी सह्या करतो.”

सरकारी शिक्का माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता. गोल शिक्क्यावर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते खोडून वर पेनानं ‘लातूर’ लिहायचं, असं साहेबांच्या हजेरी कारकुनानं मला शिकवलं. पहिला शिक्का तिरका पडला. दुसरा सरळ. चौथ्यापासून हात बसला, आणि पाचव्यापासून आपण शासन आहोत असं वाटायला लागलं. शिक्का पॅडवर दाबायचा, फुंकर मारायची, कागदावर हाणायचा. पाणी प्यायला आलेल्या एका बाईनं विचारलंसुद्धा, “पोस्टातला हाय का रं ह्यो?” त्यानं मला आणखी चेव आला. ताडून बघायला सोपं जावं म्हणून मी हुशारीनं असल गुणपत्रिका तिच्या दोन नकलांवर ठेवून टाचणी लावली होती. शिक्का मारणाऱ्याला टाचणी दिसत नाही. त्याला फक्त मोकळी जागा दिसते. साहेबांनीही बायांशी वाद घालत घालत, कागदाकडे न बघता सगळ्यांवर सह्या केल्या. नकलांवर केल्या, आणि गुणपत्रिकेवरही.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसमध्ये, लोह्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा मी पिशवी उघडली आणि चहा तसाच हातात राहिला. पण मी मूळचा आशावादी. नांदेड येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. कागद मुळातच खरा, वरून गॅझेटेड ऑफिसर सहीनिशी सांगतोय की खरा. म्हणजे तो दुप्पट खरा झाला. उलट आनंदच व्हायला पाहिजे त्यांना.

कॉलेजच्या खिडकीत एक वयस्क हेडक्लार्क होते. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं सावकाश. त्यांनी नकला लावल्या आणि हात पुढं केला.

“असल द्या.”

मी दिली. त्यांनी ती उजेडात धरली.

“ही तर नक्कल हाय.”

“न्हाई साहेब, असलच हाय.”

“हितं लिहिलंय की, खरी नक्कल.”

“ते शिक्का मारताना झालं साहेब. पण हाय असलच.”

“बरं. मंग ही ज्याची नक्कल हाय, ते असल कुठाय?”

“हेच.”

“हे ह्याचीच नक्कल हाय?”

“हाव.”

रांगेतली पोरं पुढं सरकून ऐकायला लागली. हेडक्लार्कनी चष्मा काढला. “पोरा, लई कागद पाह्यले मी. खोटं असल पाह्यलं, खोटी नक्कल पाह्यली. स्वतःचीच नक्कल असलेला कागद आज पाहून राहिलो. युनिव्हर्सिटीकडून दुसरी मागव.”

“त्याला किती दिवस लागतील?”

“दिवाळीपतोर येईल.”

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. “नसता ज्यानं सही केली त्याच्याकडून लिहून आण की हा कागद असल हाय. शनिवारी पाचपतोर. पाचला खिडकी बंद म्हणजे बंद.”

संध्याकाळी घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे, नशिबात नसंल, सोमवारी दुकान झाडून घे. पण अप्पांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला. “टँकर सकाळी कवा निघतो?” एवढंच विचारलं. आणि शुक्रवारी पहाटे, पूजा लवकर उरकून, ते स्वतः माझ्याबरोबर टँकर भरतो तिथपर्यंत आले. ड्रायव्हरला म्हणाले, “ह्याला आत बसव बाबा. वर बसला तर कागद भिजवंल.” बापाची माया अशी ऐनवेळी दिसते, असं वाटून माझे डोळे भरून आले होते.

तलावावर साहेबांनी ऐकून घेतलं आणि ताबडतोब नकार दिला.

“हे असल हाय असं मी लिहून दिलं तर मी न बघता सही केली असं होतंय. मला नोकरी हाय, राजा.”

“पण साहेब, तुम्ही न बघताच केली की.”

“म्हणून तर लिहून देता येत न्हाई.”

मी तिथंच मातीच्या ढिगावर बसलो. सोमवार, शेंगदाण्याचं पोतं, सगळं समोर दिसायला लागलं. तेव्हा हजेरी कारकून पुढं आला. हा माणूस दिवसभर नाल्याचं माप घ्यायचा, पण त्याचा खरा जीव मसुद्यात होता. तो म्हणाला, “साहेब, आपण कशाला लिहून द्यायचं? त्यालाच लिहू द्या. कबुली. आपण फक्त ‘समक्ष सही केली’ म्हणायचं.”

मग त्यानं सांगितलं आणि मी मांडीवर मातीची पाटी पालथी घेऊन तिच्यावर कागद ठेवून लिहिलं. ‘मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की, माझी नजर ठीक असून, कोणाचाही दबाव नसताना, पूर्ण शुद्धीवर राहून, मी माझ्याच मूळ गुणपत्रिकेवर नकलेचा शिक्का मारला.’

साहेब कान देऊन होते. “‘पूर्ण शुद्धीवर’ खोड.”

“का साहेब?”

“त्याची खात्री मी कशी देणार? त्याजागी ‘अज्ञानापोटी’ लिही.”

मी खोडून अज्ञान लिहिलं. साहेबांनी सही केली. मी शिक्का घ्यायला सवयीनं हात पुढं केला तशी बुधवारची ती बाई ओरडली, “साहेब, ह्याच्या हाती नगा देऊ! टँकरवर बी मारंल!” साहेबांनी शिक्का स्वतः मारला, दोन वेळा खात्री करून, आणि पेटीला कुलूप घातलं.

शनिवारी पहिल्या बसनं नांदेड गाठलं. हेडक्लार्कनी कबुली आधी मनात वाचली. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी वाचली. ‘अज्ञानापोटी’ला थांबून पुन्हा वाचली. पोरं हसत होती आणि मीही हसत होतो, कारण त्यांनी वाचता वाचता अर्ज पुढं ओढून घेतला होता.

“माझ्या नोकरीत इतका खरा कागद आला न्हाई,” ते म्हणाले. “विषय कोणता?”

“लोकप्रशासन.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “घ्या, घ्या. प्रशासनाला सवय हाय.” आणि पावती खिडकीतून बाहेर सरकवली.

घरी पोचलो तेव्हा अप्पा जेवायला बसले होते. मी पावती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी डाव्या हातानं ती घेतली, नाव वाचलं, तारीख वाचली, उलटी करून मागं काही शिक्का आहे का तेही बघितलं. अव्वानं, म्हणजे आईनं, माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि लगेच तिला काळजीनं घेरलं.

“पोरगं चाललं नांदेडला. आता दुकानात तुमच्या जोडीला कोण हो? ह्या वयात एकट्यानं कसं व्हायचं तुमचं?”

अप्पांनी पावती घडी करून मला परत दिली आणि भाकरी मोडली.

“पंधरा दिवस हा बसला तर निम्मं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं,” ते म्हणाले. “शिकू दे त्याला. दोन वर्सं तरी दुकान वाचलं.”