मग हे बोलते कोन?

शमीम पयल्यांदा आमच्या दारात आली तवा मी चुलीपाशी होती अन् माह्यी सून सुनंदा दळन निसून राह्यली होती. बाहीरून हाक आली, "कोनी हाये का घरी?"

मी आतूनच म्हनलं, "कोनी नाई घरी."

मंग आवाज आला, "मग हे बोलते कोन?"

मी पदर सावरत दारात गेली. चाळिशीतली बाई, सलवार-कमीज, पायात बाप्यासारखी जाड चप्पल, अन् हसून राह्यली. बारशीटाकळीच्या बजारात मी भाजी विकाले बसत होती. तिथल्या एका पिंजाऱ्याच्या म्हातारीची हे लेक. म्हातारी आजारी, तोंडाले चव नाई, अन् मांगून राह्यली माह्याच वावरातली अंबाडी. मी दोन बजार गेली नोती, म्हून लेक गाव इचारत आली.

आता मी काई खोटं बोलली नोती. आमच्याकडं बाप्या मानूस घरी नसला का घरी कोनी नाई. त्या सालात कापसाचे लय हाल होते. गावात सरकारी पाहनीच्या गाड्यावर गाड्या येत. साहेब लोक दारात उभे राहून इचारत, घरची मानसं कुठं हायेत. आमी म्हनो कोनी नाई, का ते परत जात. घरात चार बाया असत. साहेबाइले काई वाटे नाई अन् आमालेबी नाई. शमीम एकटीच हसली.

तिनं पानी मांगतलं, पन प्याली नाई. गिलास हातात धरून घरातून मांगच्या दारापर्यंत गेली, कडी काढून पायली, परत आली, मंग प्याली. हे तिची सवयच होती. कोनाच्याबी घरी गेली का आंधी मांगचं दार पाहे. मी म्हनलं, चोर हाये का काय हे बाई.

शमीम काम कराची समुद्रातल्या देशाइत. चहूकून पानी अन् मधात गाव, असे देश हायेत म्हने. तिथं वादळ येते, पूर येते, जमीन हालते. तिथलं सरकार हिले सल्ला द्याले बोलवे. सल्ला कायचा, तं वादळाची खबर बायाइले कोन सांगते, लंगड्या-म्हाताऱ्याइले कोन उचलते, मांगं कोन राहते. एका गावात म्हने खबर दिली ते होड्या लागतात तिथं. तिथं सारे बाप्ये. बाया घरात मालकाची वाट पाहत बसल्या, अन् पानी आलं. दुसरीकडं वादळात थांबाले पक्की इमारत बांधली, पन बायाच्या संडासले कडी नाई. बाया गेल्याच नाई तिथं. साहेब म्हने, वादळात कोनी संडासचा इचार करते काय? हे म्हने, "करते. बाईच करते."

तिची माय कपाळाले हात लावे. "लोगों की बेटियाँ बाहर से सोना लाती, मेरी तूफान की बातें लाती." शमीम हसे अन् म्हने, "सोनं बुडते अम्मी."

दोन मयने ते मायपाशी होती. अंबाडीच्या निमतानं आमच्याकडं येत राह्यली. चटनी-भाकर खाये, वाढलं तितकं संपवे, अन् इचारे लय. आमच्या गावाले नदी लागूनच. शमीमनं इचारलं, पूर याचा असला का कोन सांगते? मी गनपत कोतवालाले दाखवलं. तो डफडं घेऊन पारापाशी उभा राहे अन् वरडे, "नदीकाठच्या मानसाइनं शाळेत यावं हो."

ते त्याले म्हने, "गनपतभाऊ, बायाइनं नाई यावं काय?"

"मानसात बाया आल्याच न बाई. तुह्या समुद्रातल्या गोष्टी इथं नोको सांगू."

शमीमनं मान वळवली. "मौसी, तू मानूस हाये का बाई?"

हे काय इचारनं झालं. मी म्हनलं, "मी बाई. मानसं वावरात गेली."

पारावरचे सारे हसले. गनपत हसला नाई. तो मानूस तोंडाचा फाटका, पन डोक्यानं बरा. दुसऱ्या दिवशी म्हने, सांग बाई, कसं वरडू?

मंग ठरलं का त्यानं पारावर नाई, दरोदारी जाचं. हाक माराची, "कोन हाये घरी?" बाईनं आतून आपलं नाव सांगाचं अन् संगं कोन हाये ते सांगाचं. एका दुपारी शमीमनं गनपतकून तसं करवून पायलं. गल्लीभर नुसता खिदळ. सासऱ्याच्या वयाच्या मानसाले आपलं नाव वरडून सांगाचं म्हनजे काय! बाया पदर तोंडात कोंबून आत पळत. सुनंदाले तं आवाजच फुटे ना. ते तवा पोटूशी होती. हिचा आवाज चुलीपलीकडं जात नाई, मी म्हनलं. शमीम तिले म्हने, "आज नाई तं नाई. पन पानी आलं त्या दिवशी काढजो."

मी शमीमले आंधीच सांगतलं होतं, बाळंतीन झाली का हे सव्वा मयना उंबरा ओलांडनार नाई. ते म्हने, पानी सोयर पाळते काय? मी म्हनलं, पानी नाई पाळत, आमी पाळतो. तिनं वाद घातला नाई. थोडा इचार केला अन् म्हने, "बाज तं उंबरा ओलांडते न? मग बाजेसकट नेऊ." मी उठून बाजेच्या दोऱ्या ओढून पायल्या. शाळेत एक खोली बायाइची ठरली, दाराले लुगड्याचा पडदा, अन् संडासची चाबी मास्तरच्या घरून काढून अंगनवाडीत ठेवली.

सुनंदाले पोट्टी झाली. लेक अकोल्याले भाजी घेऊन गेला होता अन् मी बाळंतिनीसाठी डिंक-खारका आनाले बारशीटाकळीले गेली. दुपारपर्यंत परत येतो म्हनून गेली. पन वर डोंगरात पानी पडलं अन् नदी आली. मोटार बंद. गावातला फोन लागे ना. मी डिंकाची पुडी धरून शमीमच्या ओट्यावर जाऊन बसली.

मले एकच गोष्ट खाऊन राह्यली होती. गनपत हाक मारीन, मले मालूम होतं. पन हिचा आवाज निंघन काय? का आतल्या आत म्हनन, कोनी नाई घरी? तो पुढच्या दारी जाईन अन् हे बाजेवर राहीन.

मी शमीमले म्हनलं, "निंघाला असन का व तिचा आवाज?"

ते म्हने, "मले नाई मालूम, मौसी."

दुसरी असती तं म्हनली असती, काई होत नाई, देव हाये. शमीमनं खोटा धीर कदी कोनाले दिला नाई. चहा केला, माह्यापाशी बसली, उठली नाई. दिवस कलला तसं पानी उतरलं. ते संगं निंघाली. मांडीएवढ्या पान्यातून आमी दोघी एकमेकीले धरून गेलो.

शाळेत शिरलो तं पडद्यामांगं बाज होती. बाजेवर सुनंदा, कुशीत पोट्टी, दोघी झोपल्या होत्या. मी डिंकाची पुडी तिच्या उशाशी ठेवली. गनपत दारातून सांगून राह्यला, "काय वरडली व तुही सून! म्या इचारलं कोन हाये, तं आतून आलं, मी सुनंदा हाओ, माह्यी पोरगी हाये, आमी दोघी हाओ! डफडं पडलं माह्या हातचं." चौघाइनं बाज उचलली. तिचा पाय जमिनीले लागला नाई. घराची मांगची भिंत मंग पडली, ते बाजेच्या जाग्यावरच.

तवापासून सुनंदाचा आवाज काई खाली आला नाई. माह्यावरबी चढते. चढू दे. अन् ते पोट्टी आता कालेजात जाते. मी सांगून राह्यली अन् हे लिहून राह्यली ते तीच.

शमीम मंग गेली आपल्या समुद्राकडं. माय होती तोवर दर साली ये, मांगचं दार पाहे अन् अंबाडी ने. मांगच्या साली भावाच्या घरी, बारशीटाकळीलेच, ते वारली. मी पोचली तोवर मयत उठली होती. दाराले पडदा होता. आत जाव का नाई, समजे ना. मी हाक मारली, "कोनी हाये का घरी?"

आतून कोन्या नव्या सुनेचा आवाज आला, "घर में कोई नहीं है. सब कब्रस्तान गए."

पडद्याखालून दिसून राह्यलं होतं, आत बायाच बाया बसल्या होत्या.

मी म्हनलं, "मग हे बोलते कोन?"

आतलं रडनं एकदम थांबलं. मंग एक बाई हसली, अन् तिच्या मांगं दुसरी. भावजयीनं पडदा बाजूले केला, डोये पुसले अन् म्हने, "आओ मौसी. सब हैं घर में."