बेडूक माझे, ट्रे त्यांचा

"उघड गोणी. तुझे पाहुणे बघू दे सगळ्यांना."

जीवशास्त्राचे सर. नाकाला रुमाल. रुमालाला अत्तर.

मी गोणीची गाठ सोडली. पंधरा बेडूक. त्यातल्या एकानं थेट पुढच्या बाकावर उडी मारली, डॉक्टरांच्या पोराच्या वहीवर. पोर असं किंचाळलं की स्टँडवरची एसटी सुटायची थांबली असेल. वर्ग हसला. पण हसला तो मला.

"धर गो, धर! तुमचं कालवण पळालं!" मागून एक जण.

आमी बेडूक खात नाय. खेकडे खातो, कोंबडी खातो, वेळ पडली तर पाहुण्याचं डोकं खातो. पण सांगणार कोणाला? मी बाकांखाली रांगत होते. वर बसलेल्या मुली पाय उचलून घेत होत्या. बेडूक जवळनं गेला तेव्हा एकीनंही पाय उचलले नव्हते. माझा हात जवळ आला तेव्हा उचलले.

हे नव्वदच्या दशकातलं. तालुक्याच्या गावातलं ज्युनियर कॉलेज. मी टोकावड्याच्या वरच्या डोंगरातली. आमची थोडी नाचणी, थोडं भात. बारावी सायन्सला आमच्या वाडीतली मी पहिलीच. मला सर्जन व्हायचं होतं. तेव्हा मेडिकलचं सगळं बारावीच्या मार्कांवर ठरायचं, आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्यात धरायचे. म्हणजे बेडूक चिरता आलाच पाहिजे.

बेडूक आणायचे मी. दर गुरुवारी. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, "डोंगराकडचं कोण आहे?" मी मोठ्या ऐटीत हात वर केला. वाटलं, शिकवायला बोलावतायत. तिथंच फसले. तेव्हापासून पहाटे गुडघाभर चिखलात उतरायचं, गोणी भरायची, पहिली एसटी धरायची. कंडक्टर गोणीचं अर्धं तिकीट मागायचा. म्हणायचा, "बारा वर्षांखालचेच दिसतायत सगळे."

ट्रे बारा, पोरं वीस. बारा ट्रे डॉक्टरांच्या, साहेबांच्या, दुकानदारांच्या पोरांना. आमी आठ जणांनी मागनं मान उंच करून बघायचं. तीन बेडूक जास्तीचे लागायचे, कारण दोन-तीन तरी ते वाया घालवायचेच.

एकदा म्हटलं, "सर, मला पण एक ट्रे द्या."

"तुला कशाला? तुमच्या घरी रोज हेच चालतं. आणि तुझी सीट सरकारनं राखून ठेवलेलीच आहे. मेहनत या मुलांना करायची आहे."

मेहनत! माझ्या पायांच्या बोटांमधला चिखल अजून ओला होता.

पण घरचं म्हणाल तर ते खरं बोलले होते. आमच्या घरी आई कोंबडी साफ करायची, आणि आईसारखा हात मी अजून कुठं बघितला नाय. कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी ती बोटाच्या टोकानं सोडवायची. "ही फुटली तर अख्खं कालवण कडू. आधी बोटाला कळू दे, मग पातं लाव." तिच्या त्या बोटांकडनंच मी शिकले. उरलेले, मेलेले बेडूक सर फेकायला सांगायचे. मी घरी न्यायचे. फणसाची फळी, टाचण्यांच्या जागी बाभळीचे काटे, बापाचं दाढीचं अर्धं ब्लेड, समोर पुस्तक उघडं. त्या पावसाळ्यात मी इतके बेडूक चिरले की आमच्या वाडीत डरावचा आवाज बंद झाला. खोटं वाटत असेल तर या विचारायला.

मग एका गुरुवारी सरांनी स्वतः करून दाखवायचं ठरवलं. कात्री घातली ती पोटाच्या बरोबर मधोमध. तिथं एक मोठी शीर असते. ती तुटली. ट्रे लाल. गडबडीत कात्री आणखी आत गेली, पित्त फुटलं. लालात हिरवं.

मागनं मी बोलून गेले, "सर, शीर मधोमध असते. जरा बाजूनं घ्यायला पायजे होतं."

सर माझ्याकडे आले.

"बेडूकच सडका आणलास. तुमच्या हातचं आणखी काय मिळणार?"

त्यांनी माझं जर्नल उचललं. मी काढलेल्या हृदयाच्या आकृतीवर बोटं पुसली. आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. सावकाश. मग खिशातला अत्तराचा रुमाल काढून पुन्हा नाकाला लावला.

मला बेडकाची किळस कधी आली नव्हती. किळस आली ती त्या दिवशी. सरांच्या त्या बोटांची. हसणाऱ्या बारा तोंडांची. आणि सगळ्यात जास्त माझीच, कारण दर गुरुवारी मीच गोणी भरून आणत होते.

पुढच्या गुरुवारी मी जेवणाचा डबा नेला. आत एक बेडूक.

"बाकीचे?" सर.

"भाताच्या खाचरात हायेत, सर. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्यानं जाऊन धरावेत. चिखल कोणाला अडवत नाय."

"मग आज प्रॅक्टिकल कसं होणार?"

"माझं होईल."

मी ट्रे ओढला. बेडकाला औषधाच्या बरणीत बेशुद्ध केलं, टाचलं. शीर सोडून बाजूनं काप घेतला. कातडं उलटलं, मग पोट. काळीज धडधडत होतं, पित्ताची पिशवी हिरव्या मण्यासारखी अख्खी. रक्ताचा थेंब नाय. डॉक्टरांचं पोर उठून जवळ आलं.

"कसं केलंस गं?"

"आईनं शिकवलं. तुझा बाप नाय शिकवत?"

सरांनी ट्रेकडे बघितलंसुद्धा नाही. "जर्नलवर सही मिळणार नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, माहीत आहे ना? सगळ्यांचे बेडूक आण, सही घेऊन जा."

तीन गुरुवार वाट बघितली त्यांनी. तिन्ही गुरुवारी मी हात हलवत गेले. सही झाली नाय. प्रॅक्टिकल बुडालं. वर्ष गेलं.

आई चुलीपुढं बसून म्हणाली, "आणून टाकायचे होतेस गो बाय. सही तर मिळाली असती."

"मिळाली असती. मग पुढं ऑपरेशनच्या खोलीत पण मी बादलीच धरली असती. कापणारे दुसरेच."

"आता काय करशील?"

"शहापूरला नाव घालते. मामाकडं राहीन. परत बारावी."

"आणि तिथल्या सरांनी पण गोणी आण म्हटलं तर?"

"तर तिथं पण एकच नेईन, आई. आणि तो मीच चिरेन."