अबोलगडचं साळिंदर

माझ्या आत्येसासूबाईंएवढं एकाच पुस्तकाशी इमान राखून जगलेलं माणूस अख्ख्या मावळात दुसरं सापडायचं नाही. लोक देवावर श्रद्धा ठेवतात, पक्षावर ठेवतात, फार तर एखाद्या डॉक्टरवर ठेवतात. आत्याबाईंची श्रद्धा चारशे बारा पानांच्या एका कादंबरीवर होती. ‘अबोलगड’ तिचं नाव. गडावरची चेटकीण खालच्या गावातल्या माणसांचे आवाज चोरते आणि मडक्यांत कोंडून ठेवते. मग राई नावाची एका मेंढपाळाची पोर ते सोडवून आणायला एकटीच गडावर चढते, अशी ती गोष्ट. लेखक जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण पुस्तक अजून खपतं. आत्याबाई भाजे गावच्या. नोकरी आरोग्य खात्यात नर्सची. वडिवळे, कुरवंडे, मधल्या साऱ्या वाड्यावस्त्या त्यांनी पायी तुडवल्या. एका खांद्यावर लसींचा निळा डबा आणि दुसऱ्या खांद्यावरच्या पिशवीत प्लास्टिकचं कव्हर घातलेलं ‘अबोलगड’. डबा एकदा वाटेत विसरल्या होत्या म्हणे. पुस्तक कधीच नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी पगार विचारला, गाव विचारलं, आणि कोपऱ्यातून आत्याबाईंनी विचारलं, ‘‘अबोलगड वाचलंय का?’’ मी लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवतो. नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून ‘‘वाचलंय, पण आता नीट आठवत नाही,’’ असं म्हणालो. त्या माझ्याकडे एखाद्या मुदत संपलेल्या औषधाच्या बाटलीकडे बघावं तशा बघत राहिल्या. ‘‘ज्यानं वाचलंय त्याला आठवतंच,’’ म्हणाल्या, आणि पोहे खाऊन होईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. साखरपुड्याआधी मला पुस्तक घरपोच आलं. मी वाचलं. तोंडी परीक्षा झाली. नावाड्याला किती बोटं होती, या प्रश्नावर मी अडकलो, पण माझ्या होणाऱ्या बायकोनं मागून हाताची चार बोटं दाखवली आणि मी जावई झालो.

त्यांचं जग त्या पुस्तकातल्या माणसांनीच भरलेलं होतं. गावात कुणी गप्पगप्प असला, की ‘‘त्याचं मडकं फोडाया पायजे,’’ म्हणायच्या. सरपंचांना त्या तोंडावर ‘गडकरी’ म्हणत. कादंबरीतला गडकरी चेटकिणीला मिळालेला असतो हे सरपंचांना माहीत नव्हतं, त्यामुळे ते खूश असायचे. कुणी पुस्तकातलं एक वाक्य इकडचं तिकडं केलं तर आत्याबाई चुलीवरचं दूध सोडून ते दुरुस्त करायला यायच्या. माझ्या मुलीनं लहानपणी राईच्या कुत्र्याचं चित्र तपकिरी रंगवलं, तर त्यांनी पान काढून दाखवलं. कुत्रा करडा होता. चित्र परत काढून घेतलं.

पण खरी गंमत होती ती लस टोचताना. शाळेच्या पडवीत पोरांची रांग लागली, आतल्या पहिल्या पोरानं भोकाड पसरलं, की मागची रांग पळायच्या बेतात यायची. तेव्हा आत्याबाई सिरिंज भरता भरता सांगायच्या, ‘‘राई गडाच्या दारात गेली. चेटकीण आली आन् म्हणली, दे तुजा आवाज. राई लय भ्याली. तवर करवंदीच्या जाळीतनं एक साळिंदर आलं. म्हणलं, भिऊ नगं, मी एक काटा टोचतो. टोचला का एकदाच मोठ्यानं ओरडायचं. जो एकदा ओरडला त्याचा आवाज चेटकिणीला घावत न्हाई. पर एकदाच हां. दुसऱ्यांदा न्हाई.’’ आणि सुई टोचायच्या. पोर ‘आई गंऽऽ’ म्हणून डोंगर हलेल असं ओरडायचं आणि एकदम गप्प व्हायचं, अभिमानानं दंड चोळत बाहेर यायचं. मावळात आज पंचविशी-तिशीत असलेली कितीतरी माणसं अशी आहेत, की इंजेक्शन घेताना एकदा ओरडतात आणि मग हसतात. लोणावळ्यातले डॉक्टर चक्रावतात. कारण त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तर अशा या आत्याबाईंना मागच्या वर्षी कळलं, की ‘अबोलगड’वर सिनेमा येतोय.

पहिले आठ दिवस त्या हवेत होत्या. नवव्या दिवशी माझ्या मुलीनं मोबाइलवर ट्रेलर दाखवला. आत्याबाईंनी चष्मा लावून तो एकदा पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. ‘‘राईचं क्यास एवढं लांब कसं?’’ त्यांनी विचारलं. पुस्तकात राईचे केस तिच्या बापानं मेंढरांच्या कातरीनं कापलेले असतात. ‘‘आन् ही एवढी गोरी? उन्हात मेंढरं राखणारी पोर हाय का दुधात ठेवल्याली?’’ त्यानंतर त्यांना धड झोप लागेना. नावाडी गाणं म्हणतोय हे त्यांना भाज्याच्या दत्तानं फोन करून सांगितलं. दत्ता शनिवार-रविवारी पर्यटकांना लेणी दाखवतो आणि तोही या गोष्टीवर वाढलेला. ‘‘मावशी, नावाडी तर मुका हाय ना वो?’’ तो रडकुंडीला आला होता. ‘‘व्हय रं बाबा,’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘त्याचं मडकंच तर शेवटी फुटतंय.’’ दोघं बराच वेळ फोनवर नुसते उसासे टाकत होते.

तरी जायचं ठरलं. न जाणं हा फितुरीचा प्रकार झाला असता. रविवारी सकाळच्या खेळाला दोन जीपगाड्या भरून आम्ही तळेगावच्या पुढच्या एका थेटरात गेलो. पुढच्या जीपमध्ये आत्याबाई, मी, दत्ता, कामशेतला बेकरी चालवणारा सलीम आणि कुरवंड्याची सुवर्णा. मागच्या जीपमध्ये त्यांच्याच हातची सुई खाल्लेली आणखी दहा-बारा माणसं. आत्याबाईंनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. मांडीवर पुस्तक, हातात छोटी बॅटरी. दिवे गेले आणि त्यांनी पहिलं पान उघडलं.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. पडद्यावर काहीही घडलं, की शेजारी बॅटरी पेटायची, बोट ओळीवरून फिरायचं आणि एक खोल, दुखावलेला आवाज यायचा, ‘‘न्हाई.’’ कुत्रा पांढरा निघाला. ‘‘न्हाई.’’ राईला एक राजपुत्र भेटला. ‘‘ह्यो कोण?’’ पुस्तकात राजपुत्र नाहीच. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, ‘‘आजी, बॅटरी बंद करा.’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘तुमी पडदा बंद करा.’’ मध्यंतरात कुणी काही खाल्लं नाही. सलीम सगळ्यांना धीर देत होता. ‘‘साळिंदर अजून यायचंय. सगळं बिघडवलं तरी ते नाही बिघडवणार. त्याच्याशिवाय गोष्ट पुढं जातच नाही.’’ सगळ्यांच्या माना हलल्या. मलाही तेवढा एकच आधार वाटला.

मध्यंतरानंतर राई गडाच्या दारात पोचली. चेटकीण आली. आमच्या दोन्ही रांगा पुढे सरकून बसल्या. हे पान तोंडपाठ, म्हणून आत्याबाईंनी बॅटरी विझवून पुस्तक मिटलं. सुवर्णानं माझ्या बाहीचं टोक धरलं. आणि करवंदीची जाळी नाही, काही नाही, राजपुत्र तलवार घेऊन उडी मारून आला आणि त्यानं चेटकिणीचा हात छाटला. थेटरात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत दत्ता उभा राहिला आणि ओरडला, ‘‘आरं पर साळिंदर कुटंय?’’

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून गेले. आम्ही मात्र पडद्यावरची नावं संपेपर्यंत बसून राहिलो, की न जाणो, शेवटी तरी येईल. झाडूवाल्या बाई आल्या तेव्हा उठलो. परतीच्या वाटेवर माणसं अंत्यविधीहून परतावीत तशी बसली होती. कामशेतला उतरताना सलीम म्हणाला, ‘‘मावशी, त्यांना पत्र लिहा. आम्ही सगळे सह्या करतो.’’

पत्र मी लिहायचं आणि त्यांनी सांगायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भाज्याला गेलो. आत्याबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. ‘‘लिवा जावईबापू. मा. दिग्दर्शक यांस. आपण पुस्तकातील साळिंदराचा खून केला आहे. पान नंबर…’’ त्या थांबल्या. पानं उलटली. गडाचं दार सापडलं, चेटकीण सापडली. तिथं एवढंच होतं: ‘चेटकिणीने हात पुढे केला. राई घाबरली नाही.’ आणि पुढचा परिच्छेद सुरू.

‘‘पान फाटलं आसंल,’’ त्या म्हणाल्या. पण पान फाटलेलं नव्हतं. आकडे ओळीनं होते. मी लोणावळ्याच्या वाचनालयातून दुसरी प्रत आणली. त्यातही तेच. ‘‘पयल्या छपाईत आसंल, मागनं गाळलं आसंल,’’ त्या म्हणाल्या, तेव्हा मी पुण्याच्या एका मित्राला जुन्या ग्रंथालयात पाठवून पहिल्या आवृत्तीतल्या त्या पानाचा फोटो मागवला. तो मी त्यांच्यासमोर धरला. ‘राई घाबरली नाही.’ मी स्वतः ते पुस्तक परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि साळिंदर त्यात आहे असंच मलाही इतकी वर्षं वाटत होतं, कारण आमच्या घरात रोज त्याचं नाव निघायचं.

आत्याबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘‘वडिवळ्याला एक पोरगी व्हती. पाच-सहा वर्षाची. मी नवी व्हते नोकरीत. ती सुईला भिऊन आंब्यावर चढून बसली, खाली येईना. समदं गाव गोळा झालं. मी खालनं ह्ये पुस्तक वाचू लागले. हितं आले आन् वाचलं, राई घाबरली न्हाई. ती पोरगी वरनं म्हणली, मी तर घाबरलीय.’’ त्यांनी पुस्तक मिटलं. ‘‘आता त्या पोरीला काय सांगू मी? तवा ते साळिंदर आलं. कुटनं आलं काय म्हाईत. ती खाली उतरली. मग दुसऱ्या गावाला सांगितलं, तिसऱ्या गावाला सांगितलं. पुस्तकात न्हाई ह्ये मीच इसरले.’’

मी म्हणालो, ‘‘मग यात वाईट काय झालं?’’

‘‘वाईट?’’ त्या कडाडल्या. ‘‘त्या दिग्दर्शकानं क्यास वाढवलं, कुत्रं रंगवलं, एक राजपुत्र आणला. मी त्याला थेटरात शिव्या दिल्या. आन् मी? मी अख्खं जनावर घुसवलं! ज्यानं रात रात जागून लिवलं त्या बिचाऱ्याला इचारलं बी न्हाई.’’

मी परोपरीनं सांगितलं, की हे आपल्या दोघांतच राहू द्या. पण त्यांच्या हिशेबी ही चोरी होती, आणि ज्यांना ज्यांना गोष्ट सांगितली त्यांच्यासमोर ती कबूल करणं भाग होतं. त्यांनी एकेकाला फोन केला. दत्ता ऐकून घेईना. ‘‘पुस्तक चुकलं आसंल, मावशी,’’ म्हणाला. सलीम म्हणाला, ‘‘मावशी, खरं सांगू? मला त्या गोष्टीतलं साळिंदर सोडून दुसरं काही आठवतच नाही.’’ तो बिचारा समजूत घालायला बोलला, पण आत्याबाईंना ते सगळ्यात जास्त लागलं. चारशे बारा पानं एका माणसानं लिहिली आणि लोकांच्या डोक्यात उरलं ते त्यांचं जनावर! सुवर्णा तर नुसतंच ‘‘बरं,’’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर आत्याबाईंनी पुस्तक पिशवीतून काढून कपाटात ठेवलं. कुणी चुकीचं वाक्य बोललं तरी दुरुस्त करेनात. मी मुद्दाम एकदा नावाड्याला पाच बोटं होती म्हणालो. त्यांनी नुसतं ‘‘आसतील’’ म्हटलं. मला भीतीच वाटली.

मागच्या महिन्यात कुरवंड्याला लसीकरण होतं. तिथली नर्स नवी, पोरं तिला आवरेनात, म्हणून तिनं निवृत्त झालेल्या आत्याबाईंना सोबतीला बोलावलं. त्या गेल्या, पण ‘‘मी नुस्ती बसणार,’’ असं आधीच सांगून. संध्याकाळी मी माझ्या गाडीवरून त्यांना आणायला गेलो. घरी आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी पायांतल्या चपला काढल्या आणि एकदम म्हणाल्या, ‘‘सुवर्णा आलती. तिची पाच वर्षाची पोरगी घेऊन.’’

‘‘रडली?’’

‘‘खांबाला मिठी मारून बसली. सुटंना. सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग तिनंच चालू केलं. म्हणली, साळिंदर आलं, त्याच्या मागं त्याची बायकू आली, कडंवर पिल्लू व्हतं…’’ आत्याबाईंचा आवाज संतापानं कापत होता, की आणखी कशानं, मला कळेना. ‘‘साळिंदराला बायकू कवाच नव्हती, जावईबापू! ते एकटंच येतंय. आन् करवंदीच्या जाळीतनं येतंय, ही म्हणली ओढ्यातनं आलं. समदं चुकीचं सांगितलं तिनं.’’

‘‘मग तुम्ही तिला दुरुस्त केलंत की नाही?’’

समोरच्या डोंगरावरचं ऊन उतरत होतं. त्यांनी काढलेल्या चपला जोडीनं भिंतीशी लावल्या.

‘‘करणार व्हते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर तवर ती पोरगी एकदा ओरडून मोकळी बी झालती.’’