डिस्कला घातलेली मर्यादा

साठीचं दशक सरत आलं होतं. बेंगळुरूच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात प्रोग्रॅम लिहायचे. परदेशातून आलेलं आमचं यंत्र एक अख्खी खोली अडवून बसलं होतं. त्याला लोखंडी कपाटाएवढी डिस्क होती. शेजारच्या खोलीत दहा-बारा बायका दिवसभर आकडे टंकून कार्डांना भोकं पाडायच्या. त्यांच्या प्रमुख आमच्याच पेठेतल्या, जुन्या मराठी घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत.

त्या उन्हाळ्यात उत्तरं चुकायला लागली. कार्डांवरचे आकडे मधूनच गळायचे. कधी दोन दिवस सगळं ठीक, मग पुन्हा गोंधळ. विभागप्रमुख बेळगावकडचे. त्यांनी सरळ अक्कांना बोलावलं.

"बाई, यंत्र थकत नाही. माणसं थकतात. तुमच्या मुलींना सांगा नीट बघायला."

त्या दिवसापासून कार्डांचा प्रत्येक गठ्ठा अक्का स्वतः तपासू लागल्या. दुपारी डबा उघडायलाही उठत नसत. कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायच्या आणि बस सुटायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. मीही शिणले होते. तेच हिशेब पुन्हा पुन्हा चालवायचे आणि पुन्हा पुन्हा फेकायचे.

एकदा दुपारी चुकलेला गठ्ठा मी दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्रावर दुसरं काही नसताना, तसाच पुन्हा घातला. एकही आकडा गळला नाही. म्हणजे कार्डं बरोबर होती. मग दुपारी काय वेगळं होतं? दुपारी रचना विभागाचं मोठं काम चालायचं आणि ते डिस्कवरून भराभर माहिती ओढायचं.

डिस्क चालवणारा प्रोग्रॅम यंत्राबरोबरच आला होता. त्याची छापील यादी घेऊन मी बसले. एका मागणीत डिस्कच्या अख्ख्या वर्तुळावरची माहिती एकदम आणायची मुभा त्यात होती. ती येत असताना यंत्राच्या स्मरणापर्यंतची वाट अडलेली राहायची. तेवढ्यात कार्ड वाचलं गेलं, तर त्यावरचे आकडे ठेवायला जागाच मिळत नसे, आणि ते हरवायचे.

एका मागणीत किती माहिती आणायची याची मर्यादा मी निम्म्यावर आणली. गळती कमी झाली. आणखी निम्मी केली, तेव्हा थांबली. मोठी मागणी आली की प्रोग्रॅम तिचे तुकडे करायचा आणि दोन तुकड्यांच्या मधे कार्डांना वाट मिळायची.

विभागप्रमुखांना हे पटलं, पण आवडलं नाही. "रचनावाल्यांचं काम लांबणार. ते माझ्या डोक्यावर बसतील."

"लांबेल, सर. पण उत्तर बरोबर येईल."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ठेवा. आणि मुलींना सांगून टाका, चूक त्यांची नव्हती."

"ते तुम्ही सांगा, सर."

ते शेजारच्या खोलीकडे गेले. दारातच उभं राहून दोन वाक्यं बोलले आणि परत आले. मुली हसल्या, कोणीतरी टाळीही वाजवली. अक्का मात्र कार्डं सारखी करत राहिल्या.

संध्याकाळी बसमध्ये मी म्हटलं, "अक्का, आता तरी सुटलात."

"सरी," त्या कानडीत होकार देत म्हणाल्या. "पण मी भांडार विभागात बदली मागितलीय. मागच्याच आठवड्यात."

"आता कशाला? परत घ्या ना अर्ज."

"अगं, चूक नव्हती हे मला ठाऊकच होतं. तरी रोज घरी जाऊन वाटायचं, असेल बाई आपलीच. आता त्या खोलीत नको वाटतं."

महिनाभरात त्यांची बदली झाली. डिस्कची ती मर्यादा पुढे यंत्र मोडीत निघेपर्यंत कोणी बदलली नाही. रचनावाले काम हळू चालतं म्हणून कुरकुरत राहिले, आणि त्यांना कारण समजावून सांगायचं काम माझ्याकडेच राहिलं.