फोटोसाठी राखलेला तास

लग्नाआधी महिनाभर मी एस्प्लनेडला एका चहाच्या दुकानात फोटोग्राफर बाईंना भेटले. त्या बंगाली, पन्नाशीच्या, फार न बोलणाऱ्या. मी दिवसाचा सगळा कार्यक्रम सांगितला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि फोटोला वेळ कुठे आहे?"

"मधे मधे काढाल ना तुम्ही."

"मधे मधे निघतात ते गर्दीचे. माणसांचे हवे असतील तर एक अख्खा तास मोकळा ठेव. त्या तासात दुसरं काही नको."

मला माणसांचे नको होते, एकाच माणसाचा हवा होता. माझ्या आईसोबतचा. आईची फुप्फुसं हळूहळू निकामी होत चालली होती. घरात ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घरघरत असे आणि नाकातली नळी आपल्या लांबीपुरतंच तिला फिरू देई. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. तिला सांगितलं नव्हतं, पण तिने विचारलंही नव्हतं.

आम्ही डमडमला राहायचो. बाबांच्या बँकेने त्यांना इथे पाठवलं तेव्हा मी पाळण्यात होते. निवृत्तीनंतर पुण्याला परत जायचं असं बरीच वर्षं ठरत राहिलं आणि राहूनच गेलं. मी लग्नही इथल्याच मुलाशी ठरवलं, हावड्याच्या. आमचा गोरज मुहूर्त आणि त्यांचं गोधूली लग्न एकाच वेळेचं निघालं, तेव्हा दोन्ही घरं खूश झाली. हॉल दक्षिणेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. एवढा प्रवास आईला झेपणार नव्हता. म्हणून फोटोंचा तास मी दुपारी ठेवला, आमच्या घरीच. जेवून, औषधं घेऊन, थोडी झोप झाली की त्या वेळी तिला जरा बरं वाटायचं. गॅलरीत उजेडही चांगला यायचा.

सासूबाईही त्याच वेळी येणार होत्या. बंगाली रीतीप्रमाणे आईने मुलाचं लग्न डोळ्यांनी पाहायचं नसतं. त्यामुळे त्या हॉलवर येणारच नव्हत्या. "तुमच्याबरोबर फोटो काढते आणि घरी जाऊन दारात तुमची वाट बघते," त्या म्हणाल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. मला नऊवारी नेसवायला मावशी पुण्याहून निघाली होती. तिचं विमान सुटेचना; दुपारी फोटोंचा तास सुरू झाला तरी ती पोचली नव्हती. मेकअपवाल्या मुलीने कधी नऊवारी हातात धरली नव्हती. ती फोनवर व्हिडिओ लावून बघत होती आणि मी पिवळी साडी खांद्यावर टाकून खोलीच्या मधोमध उभी होते. बाहेरच्या खोलीत फोटोग्राफर बाई येऊन बसल्या होत्या.

आतून आईचा आवाज आला. "अगं, आण इकडे ती साडी."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि मला समोर उभं केलं. कमरेशी गाठ मारली. मग दम घेतला. मग निऱ्या. तीन-चार चुण्या घातल्या की ती थांबायची, हात माझ्या पोटावर तसाच धरून ठेवायची आणि डोळे मिटून श्वास गोळा करायची. मी म्हटलं, "आई, राहू दे. मी साधी साडी नेसते."

"गप उभी राहा. हललीस की बिघडतं."

सासूबाई आल्या, त्यांनी दारातून हे पाहिलं आणि चपला काढून सरळ आत आल्या. आई सांगेल तसं त्या साडीचं टोक धरत गेल्या. दोघी बंगालीतच बोलत होत्या. आईचं बंगाली माझ्यापेक्षा चांगलं होतं. काष्टा खोचताना मला वळवावं लागलं आणि आईचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. ते तिने बराच वेळ तसंच ठेवलं. दम लागला म्हणून की काय, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

शेवटी तिने मुंडावळ्या बांधल्या आणि मला दोन पावलं मागे जायला सांगितलं. "छान दिसतेस," ती म्हणाली. तिचे ओठ निळसर झाले होते.

तास बहुतेक संपलाच होता. तरी फोटोग्राफर बाई आत डोकावून म्हणाल्या, "थोडा वेळ आहे अजून. खुर्ची गॅलरीत ठेवली आहे." बाबा हातात कंगवा आणि आईची जांभळी पैठणी घेऊन आले.

आईने पैठणीकडे पाहिलं. "मी नाही बसणार."

"अगं, दोन मिनिटं. नळी काढायचीही गरज नाही, त्या म्हणतात पदराआड लपते," बाबा म्हणाले.

"अहो, हा फोटो कशाला हवाय ते कळतं मला. उद्या तोच मोठा करून भिंतीला लावाल. हिची मुलं विचारतील, आजी अशी होती का? मी अशी नव्हते."

बाबांनी पैठणीची घडी परत नीट केली. ती नीटच होती. आमच्या मनातलं तिने असं उघड बोलून टाकल्यावर मला तिच्याकडे बघवेना.

"मला हवाय आई," मी म्हटलं.

"तुला मी हवी आहे, बाळ. माहीत आहे मला. ते कॅमेऱ्याला जमायचं नाही."

फोटोग्राफर बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी लेन्सवर झाकण लावलं आणि त्या बाहेर गेल्या. सासूबाई आईशेजारी पलंगावर बसल्या. बंगालीत विहिणीला बेयान म्हणतात. त्या म्हणाल्या, "बेयान, मलाही आज लग्न बघायचं नाहीये. घरी एकटीने बसून काय करू? मी इथेच राहते तुमच्यापाशी. यांचं लग्न लागलं की निघते."

मी वाकून नमस्कार केला. आईने माझ्या मुंडावळ्या पुन्हा एकदा सरळ केल्या आणि म्हणाली, "जा आता. उशीर होईल."

होळीच्या आधीच आई गेली. तेव्हा घरात तिचा अलीकडचा एकही फोटो सापडेना. बाबांनी कपाटं उलथीपालथी केली. शेवटी एका जुन्या सहलीतला निघाला: उन्हाने डोळे बारीक केलेली, हसत असलेली आई, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. तो हात कापून बाबांनी फोटो मोठा करून घेतला. लग्नाच्या अल्बममध्ये ती नाहीच. पुण्याचे नातेवाईक पानं उलटताना थबकतात, मग पुढे जातात.

तेराव्याला सासूबाई माझ्याजवळ बसून होत्या. मी त्यांना विचारलं, "त्या संध्याकाळी आई काय करत होती?"

"सारखं घड्याळ बघत होती," त्या म्हणाल्या. "मुहूर्ताची वेळ झाली तशी मला म्हणाली, स्वयंपाकघरातून थोडे तांदूळ आणा, कुंकू लावून. मी दिले. तिने तोंडातल्या तोंडात तुमचे ते मंत्र म्हटले, मोठ्याने म्हणायला श्वास पुरत नव्हता. आणि खिडकीच्या दिशेने तांदूळ टाकले. माझ्याही हातात दिले. मी म्हटलं, बेयान, आमच्यात आई बघत नाही. तर म्हणाली, बघतंय कोण? टाका तुम्ही. मग आम्ही दोघींनी टाकले. मी जीभ हलवून उलूचा मंगल सूर काढला. मग ती झोपली."

त्या रडत होत्या, म्हणून पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या वेळी आमचं लग्न लागलंच नव्हतं. घरचे फोटो राहिले म्हणून फोटोग्राफर बाईंनी आम्हाला हॉलच्या अंगणात उरलेल्या उजेडात उभं केलं होतं. गुरुजी बोलावत होते, बाबा आत-बाहेर करत होते आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. अंतरपाट धरला गेला तेव्हा मुहूर्त टळून गेला होता.

म्हणजे पहिल्या अक्षता आईच्याच पडल्या.